गायीचं एकोणीस, माणसाचं सतरा: दोन जनुकनकाशे शेजारी ठेवताना

माणसाचं सतरावं गुणसूत्र वेगळं काढायचं, त्याच्या डीएनएला चमकणारा रंग जोडायचा आणि तो काचपट्टीवर पसरलेल्या गायीच्या गुणसूत्रांवर सोडायचा. साठ गुणसूत्रांपैकी फक्त दोन उजळतात, एकोणिसाव्या क्रमांकाची जोडी. ती टोकापासून टोकापर्यंत उजळते आणि बाकीची अठ्ठावन्न काळोखात राहतात. गाय आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन नऊ-दहा कोटी वर्षं झाली. एवढ्या काळात या एका गुणसूत्रातलं फारसं काही बाहेर गेलं नाही आणि बाहेरचंही फारसं आत आलं नाही.

हे चित्र पाहून पुष्कळांना वाटतं की झालं काम, माणसाच्या सतरावर जे जनुक ज्या जागी आहे तिथेच ते गायीच्या एकोणीसवर सापडेल. तसं होत नाही. माणसाचं सतरा डीएनएच्या सुमारे ८३० लाख अक्षरांचं आहे, गायीचं एकोणीस सुमारे ६४० लाखांचं. आतली जनुकं तीच, पण त्यांची रांग मध्येच तोडून उलटी करून पुन्हा जोडल्यासारखी, आणि तीही एकदा नव्हे, अनेक ठिकाणी. रंग जोडलेला डीएनए, म्हणजे प्रोब, हे दाखवू शकत नाही. एका गावाच्या मतदारयादीत कोणकोण आहे एवढंच तो सांगतो. कोणाच्या घराला कोणाची भिंत लागून आहे ते सांगत नाही.

आजच्या सगळ्या बोलण्यात हे गाव आपण हाताशी ठेवू. तुलनात्मक नकाशाचे प्रश्न तीन. दोन जनुकं दोन्ही प्राण्यांत एकाच गावात आहेत का, म्हणजे एकाच गुणसूत्रावर? असतील तर रांग तीच आहे का? आणि रांग तीच असेल तर त्या घरातला माणूस तोच धंदा करतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचंही ‘हो’ धरून चालायचं, ही या क्षेत्रातली सगळ्यात महागडी चूक. पैसे बहुतेक वेळा तिथेच बुडतात.

आधी गायीची गुणसूत्रं म्हणजे काय चीज आहे ते पाहू. माणसाची ४६, गायीची ६०. माणसाच्या बहुतेक गुणसूत्रांना दोन भुजा असतात, एक आखूड, एक लांब. गायीच्या लिंगगुणसूत्रांखेरीजच्या २९ जोड्यांत सेंट्रोमिअर (भुजा जिथे जुळतात तो बिंदू) टोकाशीच असतो, त्यामुळे सगळी एकभुजी, काडीसारखी. लांबीनुसार लावायला गेलं तर शेजारच्या दोघांत फरक नखाएवढा. रंगवल्यावर उमटणारे आडवे पट्टे पाहून ओळखायची तर एकाची पंचविसावी ती दुसऱ्याची सत्ताविसावी. १९७६ साली रेडिंगला या क्रमांकांवर पहिलं एकमत झालं, १९८९ मध्ये पुन्हा बसून दुरुस्त्या झाल्या, तरी २५, २७, २९ यांच्यासारख्या लहान गुणसूत्रांचा घोळ मिटेना. अखेर १९९५ मध्ये टेक्सासच्या परिषदेत ३१ खूणजनुकं ठरवली गेली: २९ जोड्या, एक्स आणि वाय. अमुक जनुक ज्या गुणसूत्रावर चमकेल त्याला अमुक क्रमांक, पट्टे काहीही म्हणोत. म्हणून १९९५ आधीचा गायीचा कोणताही नकाशा वाचताना क्रमांकावर विश्वास ठेवू नका, जनुकाचं नाव पाहा. एवढ्या एका सवयीने निम्मी भांडणं वाचतात.

नकाशा बनवायची पहिली चांगली युक्ती संकर-पेशींची. गायीची पेशी आणि उंदराची किंवा हॅमस्टरची पेशी एकमेकींत मिसळवली की तयार झालेली पेशी वाढताना गायीची गुणसूत्रं एकेक करून टाकून देते. कोणती टाकेल याचा नेम नसतो. अशा वीस-तीस पेशीवंशांचा संच केला की प्रत्येकाकडे गायीच्या गुणसूत्रांचा वेगळा संच उरतो. आता दोन एन्झाइम घ्या. गायीचं एन्झाइम आणि हॅमस्टरचं एन्झाइम जेलवर वेगवेगळ्या गतीने सरकतं, त्यामुळे गायीचं आहे की नाही ते पट्टीवर दिसतं. प्रत्येक पेशीवंशात दोन्ही एन्झाइम एकत्र असतात किंवा एकत्र नसतात असं आढळलं, तर त्यांची जनुकं एका गुणसूत्रावर. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या जेम्स वॉमॅक यांनी १९८६ मध्ये याच पद्धतीने गायीचा नकाशा माणसाच्या आणि उंदराच्या नकाशाशेजारी ठेवला. तेव्हा दिसलं की या बाबतीत गाय माणसाला उंदरापेक्षा जवळची आहे. वंशावळीत उंदीरच माणसाला जवळचा. पण उंदराच्या घराण्यात गुणसूत्रांची मोडतोड फार वेगाने झाली. नातं जवळचं म्हणून नकाशाही जवळचा, असा नियम नाही.

या पद्धतीने फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. गाव कळतं, रांग नाही. शिवाय पेशीवंश महिनोन्‌महिने वाढवत राहिलात तर तो आणखी गुणसूत्रं टाकतो, आणि मार्चमधलं उत्तर ऑगस्टमध्ये जुळत नाही. म्हणून एन्झाइमची तपासणी आणि गुणसूत्रांची मोजणी एकाच दिवशी काढलेल्या पेशींवर करायची.

१९९५-९६ मध्ये मी सुरुवातीला सांगितलेली रंगाची पद्धत आली. तिला झू-फिश म्हणतात. एकाच प्राण्यात प्रोब वापरायचा तर रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवला की पुरतो. माणसाचा प्रोब गायीवर बसवायचा तर दोन ते तीन रात्री द्याव्या लागतात आणि धुणंही सौम्य ठेवावं लागतं, कारण अक्षरं पूर्ण जुळत नाहीत. जोरात धुतलंत की खरा रंगही निघून जातो. फारच हलकं धुतलंत तर सगळी काचपट्टी धुरकट. पुनरावृत्त डीएनए दाबून टाकायला कॉट-१ डीएनए मिसळतात. ते कमी पडलं तर प्रत्येक गुणसूत्र थोडंथोडं चमकतं आणि अंदाज बांधत बसावं लागतं. काचपट्टीवरचा डीएनए वितळवण्याची, म्हणजे त्याचे दोन धागे सोडवण्याची, वेळही नाजूक: ७० टक्के फॉर्मामाइडमध्ये ७० अंशांना दोन मिनिटांच्या आसपास. जास्त झालं की गुणसूत्रं फुगून पट्टे पुसले जातात, मग रंग बसतो पण तो कोणत्या गुणसूत्रावर बसला ते ओळखता येत नाही.

झू-फिशने माणसाची गुणसूत्रं गायीवर रंगवली तेव्हा पन्नासच्या आसपास तुकडे मोजले गेले. म्हणजे दोन प्राण्यांतला सगळा फरक पन्नासेक मोठ्या तुकड्यांच्या अदलाबदलीत मावतो. हा आकडा फसवा होता, ते पुढे येतंच. काही दशलक्ष अक्षरांपेक्षा लहान तुकडा सूक्ष्मदर्शकात दिसतच नाही, आणि तुकड्याच्या आतली उलथापालथ तर अजिबात नाही.

रांग कळायला लागली ती किरणांचा मारा करून बनवलेल्या संकर-पेशींमुळे. ही पद्धत जरा सावकाश सांगतो, कारण आजचे गुंते समजायलाही ती उपयोगी पडते.

गायीच्या पेशींना किरणांची ५००० रॅडची मात्रा द्यायची. त्यांच्या गुणसूत्रांच्या ठिकऱ्या होतात आणि पेशी मरणार हे ठरलेलं असतं. मरण्याआधी तिला हॅमस्टरच्या पेशीशी जोडायचं. ही हॅमस्टरची पेशी मुद्दाम अशी घेतलेली असते की तिच्यात थायमिडीन कायनेज हे एन्झाइम नाही. मग सगळं मिश्रण हॅट माध्यमात वाढवायचं. त्यातलं अमिनोप्टेरिन डीएनएची अक्षरं बनवण्याचा राजरस्ता बंद करतं. उरते ती आडवाट, आणि त्या आडवाटेवर थायमिडीन कायनेज लागतं. नुसती हॅमस्टरची पेशी तिथे अडते. नुसती गायीची पेशी किरणांनीच गेलेली असते. जगते ती फक्त गायीचं थायमिडीन कायनेज मिळालेली संकर-पेशी, आणि तिच्यासोबत गायीच्या इतर गुणसूत्रांचे काही तुकडे सुटे-सुटे येऊन राहिलेले असतात. वॉमॅक यांच्या गटाने १९९७ मध्ये असे ९० पेशीवंश निवडून संच केला.

आता तर्क सोपा आहे. दोन जनुकं शेजारी असतील तर किरणांचा घाव नेमका त्यांच्या मधोमध बसण्याची शक्यता कमी. दोन्ही एकाच तुकड्यावर राहतील, एकत्र येतील किंवा एकत्र गळतील. दूर असतील तर मधे घाव पडेल आणि दोघांचा हिशोब वेगळा होईल. प्रत्येक जनुकासाठी ९० पेशीवंशांवर पीसीआर करायचा, म्हणजे प्रायमर नावाचे डीएनएचे दोन आखूड धागे लावून त्या जनुकाच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या. जेलवर त्याची पट्टी आली तर १, नाही आली तर ०. ज्या दोन जनुकांच्या ९० आकड्यांच्या ओळी जास्त जुळतात ती जवळची. मात्रा वाढवली की तुकडे बारीक होतात आणि जवळजवळची घरंही वेगळी ओळखता येतात; म्हणून पुढे गायीसाठी १२,००० रॅडचाही संच झाला. मात्र बारीक तुकड्यांच्या संचात लांबची नाती तुटतात, त्यामुळे एकाच संचाने गावही लावायचं आणि घरही, हे जमत नाही.

थायमिडीन कायनेजचं जनुक माणसात सतरावर आहे, म्हणजे गायीत एकोणीसवर. निवडच त्या जनुकावर केलेली, त्यामुळे ते सगळ्या ९० पेशीवंशांत असणार. आसपासच्या जनुकांचीही तीच गत: ओळीत सगळे १, आणि जिथे सगळेच १ तिथे कोण कोणाच्या शेजारी हे सांगणारा फरकच उरत नाही. एरवी एखादं जनुक साधारण पाचातल्या एका ते चारातल्या एका पेशीवंशात सापडतं. थायमिडीन कायनेजजवळ गेलं की हे प्रमाण चढत जातं. नवख्या माणसाला वाटतं प्रायमर बिघडलाय. प्रायमर ठीक असतो, जागा तशी आहे.

प्रायमर खरोखर बिघडतो तो वेगळ्या कारणाने. या पेशींत बहुतेक डीएनए हॅमस्टरचा आहे. तुमचा प्रायमर हॅमस्टरच्या जनुकावरही बसला आणि पट्टी त्याच लांबीची आली, तर प्लेटवरच्या ९० च्या ९० विहिरींत, म्हणजे छोट्या खळग्यांत, १ येतो आणि सगळं वाया. म्हणून प्रायमर जनुकाच्या मधल्या, घट्ट जपलेल्या भागात न घेता शेवटच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या पट्ट्यात घ्यायचे. तिथे दोन प्राण्यांत अक्षरं पुरेशी बदललेली असतात. शिवाय तिथे सहसा इंट्रॉन, म्हणजे आरएनएतून कापून टाकला जाणारा जनुकाचा मधला तुकडा, नसतो. एक्स्प्रेस्ड सिक्वेन्स टॅगवरून, म्हणजे आरएनएपासून वाचलेल्या तुकड्यावरून प्रायमर काढले आणि दोन प्रायमरच्या मधे चार हजार अक्षरांचा इंट्रॉन निघाला, तर पट्टीच येत नाही आणि तुम्ही तो ० म्हणून लिहून मोकळे होता. पीसीआरमधून निघणारा तुकडा १०० ते ३०० अक्षरांचा ठेवावा. प्रत्येक प्लेटवर चार नियंत्रणं हवीत: शुद्ध गायीचा डीएनए, शुद्ध हॅमस्टरचा, दोघांचं मिश्रण ज्यात गायीचा वाटा थोडा आहे, आणि नुसतं पाणी. तिसरं पुष्कळजण गाळतात आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. शुद्ध गायीवर झकास चालणारा प्रायमर हॅमस्टरच्या गर्दीत मुका होऊ शकतो.

प्रत्येक प्लेट दोनदा चालवायची. एका विहिरीत एकदा १ आणि एकदा ० आला तर तिसऱ्यांदा, आणि तरी ठरलं नाही तर ‘ठाऊक नाही’ म्हणून नोंद करायची. अंदाजाने १ किंवा ० कधीच नाही. याचं कारण हिशोबात आहे. शेजारच्या दोन्ही जनुकांत १ आणि मधल्यात चुकून ० लिहिला गेला, तर संगणक असं समजतो की त्या एका पेशीवंशात जनुकाच्या अलीकडे एक घाव आणि पलीकडे दुसरा. एका चुकीचे दोन खोटे घाव. शंभर जनुकांच्या नकाशात अशा चुका शेकड्याला दोन जरी असल्या तरी नकाशा रबरासारखा ताणला जातो आणि रांग विस्कटते. नकाशा अपेक्षेपेक्षा लांब आला की आधी स्वतःच्या ० आणि १ वर संशय घ्या, गायीवर नंतर.

तिसरा सापळा भूतजनुकांचा. काही जनुकांच्या आरएनएच्या प्रती उलट्या डीएनएत रूपांतरित होऊन भलत्याच गुणसूत्रावर जाऊन बसलेल्या असतात, निकामी, पण अक्षरं बरीचशी तीच. प्रायमर त्यांच्यावर बसला तर मूळ मालकाऐवजी त्याच्या नावाची पाटी लावलेलं ओसाड घर नकाशावर येतं. एखादं एकटं जनुक सगळी शेजारीण जनुकं सोडून वेगळ्याच गावात दिसलं, तर नवा शोध लागला असं जाहीर करण्याआधी ती प्रत खरी आहे का ते तपासा. बहुतेक वेळा ती नसते.

हेच काम माणसाच्या बाजूनेही झालं होतं. तिथे जीनब्रिज-४ हा ९३ पेशीवंशांचा आणि स्टॅनफर्डचा जी-३ हा ८३ पेशीवंशांचा संच वापरला जाई. तीच जनुकं दोन्हीकडे लावायची आणि दोन रांगा शेजारी ठेवायच्या. हॅरिस लुईन आणि वॉमॅक यांच्या गटांनी २००० साली असा नकाशा दिला: ७६८ जनुकं, शिवाय आधारखुणा म्हणून ३१९ मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे तीच दोन-चार अक्षरं पुन्हापुन्हा येणारे छोटे पट्टे. त्यांपैकी ६३८ जनुकांची माणसातली जागा माहीत होती. तुकडे निघाले किमान १०५, म्हणजे झू-फिशच्या दुप्पट. हिशोब लावला तर ४१ स्थलांतरं, गुणसूत्राच्या आतल्या किमान ५४ उलथापालथी, आणि एक सोडून सगळ्या सेंट्रोमिअरच्या जागा बदललेल्या. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात बोलका वाटतो. जनुकांची वस्ती जवळपास तशीच राहते, पण गुणसूत्राची मूठ, ज्या जागी धरून पेशी त्याला ओढते, ती जवळजवळ प्रत्येक गुणसूत्रात हललेली आहे.

फरक दिसला की आपण सवयीने म्हणतो ‘गायीत बदल झाला’. माणसाची मांडणी मूळ, बाकीचे सरकले. हे तपासायला तिसरा प्राणी लागतो. गायीचं पहिलं गुणसूत्र माणसाच्या तीन आणि एकवीस यांच्या तुकड्यांचं बनलेलं आहे. मांजर, डुक्कर, इतर कितीतरी सस्तन प्राणी पाहिले तर तीन आणि एकवीस तिथेही एकत्रच सापडतात. म्हणजे जुनी जोडी गायीने जपली आणि माणसाच्या घराण्यात ती तुटली. गायीच्या दहा आणि एकवीसमध्ये दिसणारी चौदा-पंधरा ही जोडी, पंचविसातली सात-सोळा, अठरातली सोळा-एकोणीस, पाचातली बारा-बावीस, या सगळ्यांची तीच गोष्ट. माणसाचं दुसरं गुणसूत्र तर आपण चिंपांझीपासून वेगळे झाल्यानंतर दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून झालं. गायीत त्याचे मोठे वाटे दुसऱ्या आणि अकराव्या गुणसूत्रावर वेगवेगळे आहेत यात नवल काय. एक्स मात्र सगळ्या सस्तन प्राण्यांत जनुकांच्या दृष्टीने तोच राहतो, सुसुमु ओहनो यांनी १९६० च्या दशकात सांगितल्याप्रमाणे. रांगेची हमी तिथेही नाही: डुकराच्या एक्सची रांग माणसासारखी, गायीची नाही.

आता या नकाशाचा उपयोग. भारतातल्या गोठित रेत केंद्रांत एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि संकरित वळू घेताना गुणसूत्रांच्या तपासणीबरोबर चार आनुवंशिक दोष पाहतात: ब्लॅड, डम्प्स (यूएमपीएस या एन्झाइमची कमतरता), सिट्रुलिनेमिया (शरीरात अमोनिया साठणं) आणि फॅक्टर अकराची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाची, कमतरता. चारींची जनुकं माणसात अनुक्रमे एकवीस, तीन, नऊ आणि चार या गुणसूत्रांवर आहेत. गायीत ब्लॅड आणि डम्प्स दोन्ही पहिल्या गुणसूत्रावर, कारण आत्ताच पाहिलेली तीन-एकवीस जोडी. उरलेली दोन अकरावर आणि सत्तावीसवर. ब्लॅडमध्ये वासराच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाहीत, जखम भरत नाही, हगवण आणि न्यूमोनिया पुन्हापुन्हा होऊन वासरू दगावतं. आयटीजीबी-२ या जनुकात ३८३ व्या अक्षराचा एक बदल, त्याने प्रथिनात १२८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन. १९९२ मध्ये हा बदल सापडला तेव्हा अमेरिकेतल्या तपासलेल्या होल्स्टीन वळूंत सुमारे १४ टक्के वाहक होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे नकाशाने वाट दाखवली नाही. माणसाच्या मुलांत हाच आजार आणि हेच जनुक आधी माहीत होतं, लक्षणं जुळली आणि थेट जनुक वाचलं. असे सोपे विजय लवकर संपतात.

नकाशाने खरंच दार उघडलं ते बेल्जियन ब्लू जातीत. या जनावरांची मांडी आणि ढुंगण दुहेरी स्नायूंनी भरलेलं. मांसाला उत्तम, पण गाय अडते आणि वासरू बहुतांशी पोट फाडूनच काढावं लागतं. १९९५ मध्ये हा गुण गायीच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरकडच्या टोकाला बसवला गेला. त्या टोकाला माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा तुकडा आहे. पण तिथली जनुकं शेकड्यांनी, कोणतं धरायचं? मे १९९७ मध्ये उंदरात मायोस्टॅटिन हे जनुक काढून टाकल्यावर स्नायूंचं वजन दुप्पट-तिप्पट झाल्याचं प्रसिद्ध झालं. माणसात ते दोन क्रमांकावर, नेमकं त्याच पट्ट्यात. काही महिन्यांत गायीतला बदलही हाती आला: बेल्जियन ब्लूमध्ये ११ अक्षरं गळालेली, त्यामुळे प्रथिनाचा कामाचा शेवटचा भाग बनतच नाही, पिडमॉन्टीजमध्ये ३१३ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन. गुण गायीत, जागा माणसाच्या नकाशावरून, धंदा उंदराकडून. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली म्हणून हे जमलं.

तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ येतं तेव्हा काय होतं ते शिंगांत दिसतं. बिनशिंगी गुणाची जागा पहिल्या गुणसूत्राच्या सुरुवातीला आहे. तिथे माणसाच्या एकविसाव्याचा तुकडा. मानवी नकाशाने त्या पट्ट्यात जनुकांची छान यादी पुरवली आणि वर्षानुवर्षं त्या यादीतली जनुकं एकेक करून वाचली गेली. २०१२ मध्ये युरोपीय जातींतला मुख्य बदल सापडला तो कोणत्याही जनुकाच्या आत नव्हता: २१२ अक्षरांच्या तुकड्याची दुसरी प्रत दहा अक्षरं खाऊन तिथे बसलेली. माणसाला शिंगं नसतात, तेव्हा त्या पट्ट्याचं हे काम मानवी नकाशात नोंदलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता. गायीच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन घ्या. जनुक अकराव्या गुणसूत्रावर, माणसाच्या नऊच्या टोकाशी जुळणाऱ्या भागात. आईच्या दुधात ते प्रथिन नसतंच. त्या वस्तीतलं माणसाचं नातलग जनुक गर्भाशयाच्या अस्तरात ग्लायकोडेलिन बनवतं. गाव तेच, आळी तीच, धंदा पार वेगळा. गाभण राहिल्याचा निरोप गायीच्या शरीराला देणारं इंटरफेरॉन टाऊ तर माणसात नाहीच. रवंथ करणाऱ्यांच्या वंशात इंटरफेरॉनच्या जनुकांच्या प्रतींवर प्रती निघाल्या, त्यातली ती एक शाखा.

आज गायीचा पूर्ण जनुकसंच वाचलेला आहे. २००९ मध्ये हेरफर्ड जातीच्या डॉमिनेट या गायीचा संच प्रसिद्ध झाला, सुमारे २२,००० जनुकं. २०१८ मध्ये तिच्याच डीएनएची नवी, कमी फटींची मांडणी आली. मग हे सगळं जुनं झालं का? पद्धत जुनी झाली, चुका तशाच आहेत. विद्यार्थी आज कीबोर्डवर जे करतो त्याची रीत सांगतो. गायीतला तुमचा पट्टा घ्या. त्यातल्या प्रत्येक जनुकाला माणसात एकास-एक जोडीदार आहे का ते एन्सेम्बल या ऑनलाइन माहितीसाठ्यावर पाहा. एकास-अनेक असेल तर ते बाजूला ठेवा, त्यावर निष्कर्ष बांधू नका. मग दोन्ही बाजूंची निदान पाच-पाच जनुकं माणसात त्याच क्रमाने आहेत का ते पाहा. दिशा तपासा. आणि सगळ्याआधी मांडणीची आवृत्ती लिहून ठेवा. दुधाच्या फॅटवर परिणाम करणारा डीजीएटी-१ मधला प्रसिद्ध बदल चौदाव्या गुणसूत्रावर आहे. जुन्या यूएमडी ३.१ मांडणीत त्याची जागा १८,०२,२६५; नव्या एआरएस-यूसीडी १.२ मध्ये ६,११,०१९. बारा लाख अक्षरांचा फरक, बदल तोच. जुना क्रमांक नव्या मांडणीत टाकून भलतंच जनुक ‘शोधणारे’ लोक दरवर्षी भेटतात.

डीजीएटी-१ दिशेचाही धडा देतं. गायीत ते सेंट्रोमिअरच्या टोकाशी, माणसात आठव्याच्या लांब भुजेच्या पार दुसऱ्या टोकाशी. तुकडा तोच, उलटा बसलेला. होल्स्टीनमध्ये त्याच्या प्रथिनात २३२ व्या जागी कुठे लायसीन हे अमिनो आम्ल असतं, कुठे अ‍ॅलॅनीन. लायसीनवाली गाय दूध थोडं कमी देते पण फॅट जास्त लागते. २००२ मध्ये हे सिद्ध झालं, तेव्हा उंदराचा पुरावा पाठीशी होता: दोन्ही प्रती नसलेल्या उंदरीण-माता दूधच देऊ शकत नाहीत.

हीच चाचणी आपल्याकडे खिल्लार, देवणी गायींवर किंवा पंढरपुरी म्हशीवर करून फॅट वाढवायची का, असं विचारलं जातं. म्हशीची गुणसूत्रं ५०, म्हणजे २५ जोड्या. गायीची दहा गुणसूत्रं दोन-दोन करून बुडख्याशी जुळली की म्हशीची पहिली पाच होतात, लिंगगुणसूत्रांखेरीजची बाकीची एकोणीस तशीच, म्हणून गायीचा नकाशा म्हशीला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. गायीचं चौदा ते म्हशीचं पंधरा, आणि डीजीएटी-१ तिथेच. पण भारतीय म्हशींत आणि देशी गायींत त्या २३२ व्या जागी जवळजवळ सगळीकडे लायसीनच आहे. अ‍ॅलॅनीन नाहीच तर निवड कशातून करणार? एचएफ संकरित गोठ्यात ही चाचणी काही सांगेल. शुद्ध मुऱ्हा किंवा पंढरपुरीच्या गोठ्यात प्रत्येक नमुन्याचं उत्तर एकच येईल, आणि एका म्हशीला सहा फॅट लागते तर दुसरीला नऊ का, याचं कारण जनुकसंचात दुसरीकडेच शोधावं लागेल.